हातमोजे

दारावर तीन ग्रीक अक्षरं रंगवली की वीस कॉलेजकुमार एकमेकांचे भाऊ होतात आणि भाड्याच्या इमारतीला 'घर' म्हणू लागतात. अमेरिकेत आयोवातल्या त्या घराला ऊब देणारी भट्टी जानेवारीत बंद पडली होती. नवे भाऊ घ्यायचे, म्हणून भर दुपारी सगळे कोट-हातमोजे घालून दिवाणखान्यात कुडकुडत बसले होते.

ग्रेडीच्या पायांना स्वस्थता नव्हती. त्याचा बालमित्र टोबिन याच्या नावावर आज मतदान होतं आणि ग्रेडीने छाती ठोकून सांगितलं होतं, "तुला घेतलाच म्हणून समज."

प्रत्येकाला होकाराची एक पांढरी गोळी, नकाराचा एक काळा ठोकळा मिळे. पडदा लावलेल्या पेटीत हात घालून एक टाकायचं, दुसरं खिशात ठेवायचं. एक जरी काळा निघाला तरी फेरमतदान. पुन्हा निघाला तर विषय कायमचा संपला. कुणी टाकला, हे विचारायचं नाही.

अध्यक्ष एव्हरेटने पेटी उघडली. एक काळा.

ग्रेडी ताडकन उठला. "लेलँड, तूच ना रे? टोबिनचा बाप टायर बदलतो, तुझ्या घराण्याला कमीपणा येईल!"

"ग्रेडी, खाली बस," एव्हरेट ओरडला.

"का बसू? हा नाकावर माशी बसू देत नाही कधी!"

लेलँडचा चेहरा लाल झाला. "मी पांढरी टाकली. गेल्या महिन्यात माझी गाडी बर्फातून त्याच्या बापानेच काढून दिली."

"थापा मारू नकोस!" म्हणत ग्रेडीने तावातावाने हातमोजा ओढून काढला आणि खिशात हात कोंबला. बोटांना गोल काहीतरी लागलं. पांढरी गोळी खिशातच होती. जाड लोकरीतून त्याला गोळी कुठली नि ठोकळा कुठला, हे कळलंच नव्हतं.

"माझाच होता," तो पुटपुटला. "हातमोज्यांमुळे झालं."

सगळे खो खो हसले. "काय वेंधळा आहेस लेका!" ग्रेडीही हसला. सुटलो एकदाचा, असं वाटून तो एव्हरेटला म्हणाला, "चल, पटकन दुसरी फेरी घे." लेलँडकडे त्याने पाहिलंही नाही.

दुसऱ्या फेरीतही एक काळा निघाला.

कुणी हसलं नाही. लेलँड कोटाची बटणं लावत ग्रेडीजवळून गेला. "मी हातमोजे काढून काळा टाकला," तो हळूच म्हणाला.

टोबिन बाहेर पायऱ्यांवर उभा होता. ग्रेडीचा चेहरा बघूनच त्याला कळलं.

"पडलो?"

"हो."

"कुणामुळे?"

"सांगता येत नाही. शपथ असते."

टोबिनने त्याच्या पाठीवर थाप मारली. "जाऊ दे रे. तू माझ्यासाठी भांडला असशील, एवढं मला माहीत आहे."

"भांडलो," ग्रेडी म्हणाला, आणि त्याला स्वतःची शिसारी आली.