शुक्राने हात सोडावा म्हणून

ऑगस्टमध्ये वेम्बलीच्या मंगळागौरीत माझी फुगडी बघून ईशानीने ठरवूनच टाकलं, की शाळेच्या सायन्स असेंब्लीत आई शुक्र होणार. विषयही तिनेच निवडला: अंतराळयानं फारसं इंधन न जाळता एवढी लांब कशी जातात. सहा वर्षांची पोर. गेल्या असेंब्लीत एक शब्द न बोलता वर्गाच्या बाई मिस कार्टरच्या मागे लपली होती. आता आपणहून बोलते म्हणतेय, तर मी नाही कशी म्हणणार?

बेसिंगस्टोकच्या आमच्या इवल्याशा लाउंजमध्ये सोफा भिंतीला लावून तालीम सुरू झाली. मी शुक्र, ती यान, आणि माझा हात म्हणजे शुक्राची ओढ. मी चालत राहायचं. तिने पळत येऊन माझा हात पकडायचा, माझ्याभोवती अर्धं वळण घ्यायचं, आणि मी सोडला की सुसाट सुटायचं.

"आई, थांबू नको ना! प्लॅनेट चालत असते. तू उभी राहिली तर मला स्पीड कुठून मिळणार?"

मी चालत होते हो. पण सोडायच्या क्षणी नेमका रेडिएटरचा कोपरा दिसायचा आणि बोटं जास्तच घट्ट व्हायची. पोर माझ्याभोवती नुसती गरगरत राहायची.

"तू सोडतच नाही! मग मी तुझी मून होते. मला सॅटर्नला जायचंय!"

"सुमेधा, यान परत दे," मिहीर किचनमधून ओरडला. "नासाचा फोन आलाय!"

नवऱ्यांना सगळं सोपंच वाटतं.

असेंब्लीच्या दिवशी हॉलमध्ये शिरताच मी लाकडी फरशीची चकाकी पाहिली, पियानोचा कोपरा पाहिला. मॅट्स घालता येतील का, असं मिस कार्टरना विचारलंही. त्या फक्त गोड हसल्या.

ईशानी पुढे आली आणि हातातला कागद उलटसुलट करत राहिली. माझे ओठ आपोआप तिची वाक्यं बोलू लागले. मग तिने माझ्यावरची नजर काढून मागच्या भिंतीकडे लावली.

"एका ग्रहाच्या मदतीने दुसऱ्या ग्रहावर पोचलेलं पहिलं यान म्हणजे मरिनर टेन," ती इंग्रजीत म्हणाली. "१९७४ साली ते शुक्राला वळसा घालून बुधाकडे गेलं. कॅसिनी यानाने तर शुक्राची मदत दोनदा घेतली, मग पृथ्वीची, मग गुरूची. तेव्हा कुठे शनी आला." आवाज बारीक होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "प्लॅनेट, प्लीज!"

मी चालायला लागले. ती धावत आली, हात पकडला, वळली. पियानो समोरच. माझी बोटं आवळली.

"आई, आत्ता!" भर हॉलमध्ये, मराठीत.

मी हात सोडला.

कार्टी अशी सुटली, की कमरेला हुलाहूप लावून शनी झालेल्या ऑलिव्हरला मागे टाकून थेट बाकांवरच्या मोठ्या मुलांत जाऊन थडकली. हॉलभर हशा आणि टाळ्या. पडली नाही, रडली नाही. फ्रॉक झटकत परत आली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "एनी क्वेश्चन्स?"

एका मुलाने हात वर केला. "यानाचा वेग वाढला, तर ग्रहाचा कमी होतो का?"

हे आमच्या तालमीत नव्हतं!

मी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होते. ईशानीने माझ्याकडे बोट दाखवलं.

"होतो, पण अगदी थोडासा. खऱ्या ग्रहाला ते कळतसुद्धा नाही. या ग्रहाला मात्र कुणीतरी पाणी द्या."