साधारण माणूस पितांबर

नवापूरला भूपेंद्रचा केबलवर रबराचं आवरण चढवायचा कारखाना होता. खर्च कमी यावा म्हणून रबरात पांढरी माती मिसळतात; पण ती ओल धरते आणि वीज गळते. भूपेंद्रने मातीला आधी एक रसायन चोळलं, मग मिसळली. केबल पाण्यात बुडवून ठेवली तरी वीज गळेना. त्याला पेटंट मिळालं, तसा सुरतच्या एका कारखानदाराने विरोध ठोकला. त्याचं म्हणणं, टायरवाले अशी रसायन चोळलेली माती कधीपासून वापरतात, केबलला वापरणं कुणालाही सुचलं असतं.

'कुणालाही' म्हणजे कुणाला, यावर घोडं अडलं. वकिलांनी समजावलं, की कायद्याला धंद्यातला साधारण माणूस लागतो, फार हुशार नाही आणि अगदी ढही नाही. त्याला हे सुचलं नसेल, तर आपण जिंकलो. भूपेंद्रच्या डोळ्यांपुढे लगेच मेहुणा उभा राहिला. सारंगखेड्याचा पितांबर, बायकोचा, काजलचा थोरला भाऊ, उभा जन्म रबराच्या मिक्सरवर गेलेला. त्याला कशासाठी बोलावलंय, हे सांगायचा मात्र भूपेंद्रला धीर झाला नाही.

पेटंट कार्यालयाची सुनावणी व्हिडिओवर होती. पितांबर नवा सदरा घालून बसला. समोरच्या वकिलाने विचारलं, हे तुम्हाला सुचलं असतं का?

"माले ते पयलेच सुचेल व्हतं," पितांबर म्हणाला.

 मग इतकी वर्षं करून का पाहिलं नाही, असं सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंनी विचारलं.

"कोणी इचारंच नही."

निकाल भूपेंद्रच्या बाजूने लागला. साक्षीदार हा या क्षेत्रातला सर्वार्थाने साधारण माणूस आहे आणि त्याला ही कल्पना सुचली होती असं मानायला आधार नाही, असं त्यात होतं.

भूपेंद्रने पेढे आणले. काजलने पुडा उघडलाही नाही. सारंगखेड्याच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी तो निकाल मोठ्याने वाचून दाखवला होता आणि पितांबर घराबाहेर पडेनासा झाला होता. दोघं त्याची समजूत काढायला गेली, तर त्याने अपिलाचं ठरवून टाकलेलं. पेटंटशी त्याला देणंघेणं नव्हतं. तेवढा एक शब्द खोडून हवा होता.

भूपेंद्रने तिथूनच वकिलांना फोन लावला. ते हबकले. पितांबर असाधारण ठरला तर त्याची साक्ष निकामी, आणि पेटंटही हातचं जाईल, म्हणाले.

पितांबर भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडला होता. ताट तसंच होतं. काजल भावाच्या उशाशी बसून नवऱ्याकडे बघत होती.

"करा अपील," भूपेंद्र फोनवर म्हणाला. "आणि माझी साक्ष लिहून घ्या. हा माणूस साधारण नाही."