पाच सात नव्याण्णव

"निकाल लागायच्या आधीच शाळा सोडली म्हनं आमच्या पोरीनं," कडूबाई म्हणाली आणि चार घड्यांचा कागद तिनं प्रयोगशाळेच्या ओट्यावर, लोलकाच्या स्टँडशेजारी ठेवला. "तितल्या बाईनं बोट ठिवून दाखिवलं. म्हनली, मंग ही पास कवा झाली?"

तिच्या मागे, दारातच, वनमाला उभी होती. चपला बाहेर काढून आलेली. यंदा बारावी सायन्सला अडुसष्ट टक्के, आणि बीडच्या नर्सिंग शाळेच्या यादीत नाव. आज शुक्रवार, नऊ जुलै. प्रवेशाचा शेवटचा दिवस.

कावेरीनं कागद उलगडला. शाळा सोडल्याचा दाखला. नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, खाली प्राचार्यांची सही, शिक्का. दाखला दिल्याची तारीख: ०७/०५/९९. सात मे.

तिला कळायला एक क्षण पुरला. दाखला सोमवारी, पाच जुलैला दिला होता. आणि सोमवारी ती रजेवर होती.

"काय आणायला सांगितलंय?"

"सरांचं पत्र," वनमाला पहिल्यांदा बोलली. "तारीख कशामुळं चुकली ते लिहून. सही-शिक्क्याचं. आज पाचच्या आत. नाहीतर पुढचं नाव घेणार म्हणाल्या."

"काल सांजच्या गाडीनं आलो, आन् आज दिस उगवायला निगालो," कडूबाई म्हणाली. "हिचा बाप म्हनायला, मिळालं न्हाई तर न्हाई, घरी बस. पावनं बगून ठिवलेत त्यानं. म्हून म्हनते, बाई, कायबी करा."

भिंतीवरच्या घड्याळात दहा चाळीस झाले होते. बीडची गाडी साडेबाराला होती.

"बसा इथं," कावेरी म्हणाली. "पाणी प्या. मी आलेच."

कावेरी मिटकरी या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होती. बी.एस्सी., भौतिकशास्त्र. अठरा वर्षं ती प्रॅक्टिकलची टेबलं मांडत आली होती: तारा, सेल, भिंगं, लोलक. कॉम्प्युटर तिच्या कामात नव्हता. पण मागच्या दिवाळीत संस्थेच्या अध्यक्षांनी पुण्याच्या एका मित्राच्या कंपनीतून जुनं यंत्र आणून दिलं, नारळ फोडून त्याची स्थापना झाली, आणि दुसऱ्या दिवशी ते सुरूच होईना. तेव्हा प्राचार्य जगदाळे सरांनी तिला बोलावलं. वायरीतलं तुम्हालाच कळतं, म्हणाले.

बिघाड साधा होता. यंत्राच्या मदरबोर्डवर एक लहानशी बॅटरी असते. वीज बंद असताना ती यंत्राची आठवण राखते: तारीख, वेळ, आतली डिस्क कोणती, केवढी. ती बॅटरी मेली होती. कावेरीनं मागच्या फटीतून टॉर्च मारून पाहिलं, तर तिच्यावर हिरवट बुरा चढला होता. त्यामुळे वीज गेली की यंत्र सगळं विसरायचं आणि काळ्या पडद्यावर दोन ओळी दाखवून थांबायचं. मग बायोसच्या, म्हणजे मूळ नोंदींच्या निळ्या पडद्यात शिरून त्याला सगळं नव्यानं सांगावं लागे. डिस्कचा प्रकार ४७. सिलिंडर ९८९. हेड १५. सेक्टर ५६. मग फ्लॉपी, वेळ, तारीख. एक आकडा चुकला तर आपल्या पोटात डिस्कच नाही असं ते म्हणे. लोडशेडिंगच्या दिवसांत हे दिवसातून चारदा, कारण दाखले आता त्यावरच छापले जात.

तिनं तीन अर्ज दिले होते. पहिला, नवी बॅटरी आणण्याबद्दल. "घड्याळवाल्याकडं बघा," सर म्हणाले. चौकातल्या घड्याळवाल्याकडे तसली नव्हती. दुसरा, यंत्र बीडला दुरुस्तीला नेण्याबद्दल. "अध्यक्षांनी दिलेली वस्तू टेम्पोत घालून गावातून मिरवायची का?" तिसऱ्या अर्जासोबत तिनं आकृती जोडली होती: तीन पेन्सिल सेल, दोन तारा, बोर्डवरचे दोन पिन. काम दहा मिनिटांचं. सरांनी आकृती कौतुकानं पाहिली. "छान काढलीय. पण यंत्र उघडायचं नाही, बाई. आणि अडलंय काय? तुम्ही रोज करताच की सुरू."

तिथंच सगळं अडलं होतं. ती रोज करत होती, म्हणून बिघाड हा बिघाड राहिला नव्हता. ते तिचं काम झालं होतं.

ऑफिसात राधाकिशन क्लार्क टाइपरायटरची रिबन बदलत होता. कावेरीनं दाखला त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तारीख वाचली, दाखला उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"ह्ये कसं झालं? म्या तर आजची म्हनजी त्या दिवशीचीच टाकलती."

"काय टाकलं? आकडे सांगा."

"पाच जुलै. पाच सात नव्याण्णव. साऱ्या दुनियेला ठाव हाय."

"त्या यंत्राला नाही, राधाकिशनभाऊ. त्याला आधी महिना लागतो. पाच म्हटलं की ते मे धरतं. सात मे झाली. आणि दाखल्यावर छापताना आपल्या रीतीनं छापली, शून्य सात, शून्य पाच."

"आधी महिना कुनीकडं असतोय?"

"अमेरिकेत."

"आन् बसलंय धारूरात!" राधाकिशननं रिबन खाली ठेवली. त्याची बोटं काळी झाली होती. "ताई, म्या तुमच्या कागदाबरहुकूम केलं बगा. एक एक खूण करून."

त्यानं ड्रॉवरमधून कागद काढला. शनिवारी आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तलवाड्याला जायच्या आधी तिनंच लिहून दिलेला. तिच्या सरळ, सुट्या अक्षरात आठ ओळी. कोणती कळ, कोणती ओळ, कोणता आकडा. प्रत्येकीपुढे राधाकिशनची लाल खूण. सहावी ओळ: आजची तारीख टाकणे.

बस, एवढंच. आधी महिना, मग दिवस, हे लिहिलेलं नव्हतं. तिचा हात ते इतक्या महिन्यांत आपोआप करत होता, म्हणून लिहावं असं तिला सुचलंच नव्हतं. आणि तक्त्यात वर एकक लिहिलं नाही तर आकड्याला काही अर्थ नाही, असं ती मुलांना दर वर्षी सांगत होती.

दुसरंही तिच्या लक्षात आलं. बारा तारखेनंतर ही चूक झालीच नसती. तेरावा महिना यंत्र घेत नाही, ते अडलं असतं, राधाकिशननं कुणाला तरी विचारलं असतं. आणि मंगळवारी तिनं येऊन नेहमीप्रमाणे सगळं नव्यानं भरलं, तेव्हा यंत्र सोमवारचं सोमवारीच विसरलेलं होतं. चुकीची खूण उरली ती फक्त दाखल्यांवर.

"सोमवारी किती दाखले दिले?"

"अकरा." राधाकिशन हळू झाला. "ताई, माझं नाव तेवढं नका घेऊ. दोन मेमो हायत आधीचे. तिसऱ्याला घरी बसिवतील."

"तुमची चूक नाही," ती म्हणाली. ते खरं होतं, आणि त्यामुळे तिला जास्तच चीड आली. कुणावर काढावी हेच कळेना.

जगदाळे सरांनी दाखला पाहिला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पत्र देऊ की. पोरीचं नुकसान नको. कारण काय लिहायचं?"

कावेरी मजकूर मनात जुळवूनच आली होती. "यंत्रातली बॅटरी निकामी असल्यानं तारीख रोज हातानं भरावी लागते आणि यंत्रात दिवस व महिना यांचा क्रम उलटा असल्यानं पाच जुलैऐवजी सात मे अशी नोंद झाली."

"छ्या. असं कसं लिहिता येईल?"

"तसंच झालंय, सर."

"झालं असंल. पुढल्या महिन्यात कमिटी यायलीय. संगणकाच्या तुकडीची मान्यता त्या यंत्राच्या जिवावर मागितलीय आपण. आणि आपल्याच लेटरहेडवर लिहून द्यायचं, यंत्र निकामी आहे म्हणून? अध्यक्ष मला विचारतील, जगदाळे, तुम्हाला भेट दिली ती हीच का?"

"मग मी तीन अर्ज दिले ते—"

"ते फाइलला आहेत. फाइल कुठं पळून जाती का?" त्यांनी कोरा कागद ओढला आणि उभ्या उभ्या लिहायला लागले. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होते. "सदर दाखल्यावरील तारीख ही... प्रयोगशाळा सहायक सौ. मिटकरी यांच्या... हलगर्जीपणामुळे... चुकीची पडली असून..."

"सर, हलगर्जीपणा नाही."

"अहो, एक शब्द आहे. असं लिहिलं की पुढचा माणूस प्रश्न विचारत नाही."

"अनवधान लिहा. चूक लिहा. चूक झाली माझी, सूचनेत क्रम लिहायचा राहिला. ती मी मानते. हलगर्जीपणा म्हणजे काळजी नसणं. रोज सकाळी सात वाजता येऊन—"

"चूक म्हटलं की चूक कुणाची, कशी, हे आलं. पुन्हा यंत्र आलं." त्यांचा आवाज चढला नव्हता, ते समजावत होते. "आणि खाली तुमची सही घ्यावी लागंल, मान्य म्हणून. एक प्रत सेवापुस्तकाला. कुणी उद्या विचारलं तर कार्यवाही केली असं दिसलं पाहिजे. बाकीचे दहा दाखलेही मग त्याच पत्रावर सुटतील."

अठरा वर्षांत तिच्या सेवापुस्तकात एकही शेरा नव्हता. ही गोष्ट तिनं कुणाला बोलून दाखवली नव्हती. नवऱ्यालाही नाही. दर मार्चमध्ये सही करायला पुस्तक समोर यायचं, तेव्हा ती शेऱ्यांचं पान एकदा उघडून बघायची. कोरं पान. मग मिटायची.

"बिनकारणाचं पत्र चालणार नाही का? फक्त तारीख दुरुस्त समजावी, एवढंच?"

"त्या मुलीला विचारा. कारण मागितलंय ना त्यांनी?"

मागितलं होतं. कावेरीनं खिडकीतून पाहिलं. प्रयोगशाळेच्या पायरीवर कडूबाई पदरानं वारा घेत बसली होती. वनमाला उभीच होती, एसटी स्टँडच्या दिशेनं तोंड करून. बारा वाजायला पाच मिनिटं कमी होती. वाद घातला तर कदाचित सर एखादा शब्द सोडतील. एकच्या सुमारास, किंवा सोमवारी.

"द्या," ती म्हणाली.

राधाकिशननं मसुदा शेजारी ठेवून कोरा लेटरहेड लावून घेतला. टाइपरायटर दोन ओळी खडखडला आणि थांबला.

"ताई," तो मान वर न करता म्हणाला, "ह्यो शब्द... टायपू का?"

"टाइप करा. रफार नीट द्या. 'जी'वर येतो."

त्यानं रफार नीट दिला. मग सरांची सही, शिक्का, आणि खाली डाव्या कोपऱ्यात 'मान्य' या शब्दापुढे तिची सही. तिनं सहीखाली तारीखही घातली. आधी दिवस, मग महिना.

पत्र घेऊन ती स्वतः स्टँडपर्यंत गेली. गाडी लागलेली होती. कडूबाई आधी चढली आणि जागा धरून आतून हाका मारायला लागली, "आगं वने, चढ की! लगीन लागायलंय का तुजं तिथं?"

वनमालेनं पत्र उघडून वाचलं होतं. ती पायरीवर एक पाय ठेवून थांबली.

"मॅडम, तुम्ही तर सोमवारी..."

"वेळ जाईल. चढ," कावेरी म्हणाली. "ओरिजिनल त्यांना देऊ नकोस, झेरॉक्स दे. पोचपावती घे. पावतीवरची तारीख वाचून घे."

गाडी गेल्यावर ती परत आली. वीज जाऊन आलेली होती, म्हणजे यंत्र पुन्हा सगळं विसरलं होतं. त्या दिवशी दुपारी ती यंत्राच्या खोलीत गेली नाही. बारावीच्या टेबलांवरचे सेल तिनं एकेक करून मोजले, चार्ज उतरलेले वेगळे काढले, आणि त्यातले तीन चांगले हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. मग तेही जागेवर ठेवले.

ऑगस्टमध्ये कमिटी आली. कावेरीनं साडेसहालाच येऊन यंत्र लावून ठेवलं होतं. साहेबांना सुरू असलेलं यंत्र दिसलं, त्यांनी चहा घेतला, मान्यता मिळाली. बॅटरीचा चौथा अर्ज तिनं त्याच आठवड्यात दिला. त्यावर 'पाहू' असं लिहून आलं.

ऑक्टोबरच्या शेवटी एका दुपारी कडूबाई आली. डोक्यावर पाटी. तिनं ती ओट्याजवळ उतरवली आणि वरचा पाला बाजूला केला. डोंगरातली सीताफळं.

"पोरगी कशी आहे?"

"लई चांगली हाय. पांढरी कापडं घालती, सुया टोचायला शिकायली. गावात आल्ती दसऱ्याला, तर बापाचीच नाडी धरून बसली. त्यो म्हनला, सोड गं, मेलो न्हाई अजून." कडूबाई हसली. मग पदर सावरून, कावेरीकडे न बघता म्हणाली, "बाई, एक बोलू का? जगदाळे सरांनी सांगितलं मला समदं. तुमच्या हातून झालतं म्हून. म्या म्हनलं, आसू द्या सर. इतक्या पोरांचं बगायचं, एक डोस्कं, ध्यान हुकतंय मानसाचं. माज्या मनात तुमच्याबद्दल काई न्हाई. पोरीला बी सांगितलं, बाईचा राग धरू नगं. ती कायतरी सांगाया लागली, म्या म्हनलं, गप."

कावेरीनं तोंड उघडलं. बॅटरी, निळा पडदा, आधी महिना. सांगायला दहा मिनिटं लागली असती. कडूबाईनं ऐकूनही घेतलं असतं. आणि मग तिला आपण बोललो त्याची लाज वाटली असती, पाटी उचलून ती अवघडून गेली असती.

"बरं झालं सांगितलंत," कावेरी म्हणाली. "मला जरा वाटतच होतं, तुम्ही रागावला असाल म्हणून."

"व्हय, मला ठाव हाय की. म्हून तर आले."

कडूबाई खाली बसली आणि फळं निवडायला लागली. अंगठ्यानं हलकेच दाबून, एकेक कावेरीच्या हातात देत. "ह्ये आजच खा. ह्ये उद्या. ह्या दोघांला आजून दोन दिस हायेत, गव्हात घालून ठिवा. मधीच फोडाल तर गोड लागायचं न्हाई."

कावेरी ती ओट्यावर मांडत गेली, डावीकडून उजवीकडे. एक फळ घरंगळून पुढच्याच्या जागी गेलं, तेव्हा तिनं कडूबाईला पुन्हा विचारलं, आणि ते उचलून परत त्याच्या दिवसावर ठेवलं.