आकडे झाकणारी चौकट

मी चौकट बोलतेय. दाराची नाही आणि देवाच्या फोटोचीही नाही. गाडीच्या मागे नंबरची पाटी असते, तिच्याभोवती शोभेसाठी काळी प्लास्टिकची किनार बसवतात, ती मी. लोक मला फ्रेम म्हणतात. आता बोलायचंही फारसं बळ उरलेलं नाही, पण एकदा सांगून टाकते.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. साच्यातून आमच्यासारख्या शेकडो एकदम बाहेर पडतात. नीट आठवतं ते अमरावतीचं तनवीरभाईंचं दुकान. तिथे मी खिळ्याला टांगलेली असायची. शेजारी हँडलचे गोंडे, सीटची कव्हरं आणि नजर लागू नये म्हणून बांधायच्या काळ्या बाहुल्या. गिऱ्हाईक मला बोटाने वाजवून बघायचं आणि विचारायचं, मजबूत आहे का? मजबूत कशासाठी हवी, ते कुणी सांगत नसे.

एके दिवशी शालिकराम मला घेऊन गेले. ते बडनेऱ्याजवळच्या एका रेल्वे फाटकावर गेटमन आहेत. गाडी यायच्या वेळी फाटक पाडायचं, गेली की उघडायचं, हे त्यांचं आयुष्य. थांबलेली माणसं हॉर्न वाजवतात आणि त्यांच्यावर खेकसतात. शालिकराम उलट बोलत नाहीत. घरी आल्यावर मात्र ते स्कूटी पुसत बसतात, एकच जागा चारचारदा.

स्कूटी त्यांच्या लेकीसाठी घेतलेली. रागिणी अठरा वर्षांची झाली तेव्हा कागदावर तिचंच नाव लावलं. ती पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे मैदानावर धावायची, दुपारी अभ्यास. बोलायची इतकं हळू, की दुकानदार तिला दोनदा विचारायचा, काय पाहिजे?

मला पाटीवर बसवलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. माझा खालचा काठ जाड. पाटीवरच्या आकड्यांचे पाय त्याखाली गेले. कोपऱ्यातलं चकाकणारं छोटं चिन्हही झाकलं गेलं. पण चौकटीला विचारतो कोण?

पहिल्याच महिन्यात आम्हाला दोनदा थांबवलं. एकदा राजकमल चौकात, एकदा बडनेरा रोडवर. पोलीस म्हणाले, ही फ्रेम काढा, नंबर दिसत नाही. शालिकराम म्हणाले, काढतो साहेब. माणूस ‘काढतो’ म्हणतो तेव्हा त्याचा हात आधीच गाडीच्या किल्लीवर असतो, हे मी तेव्हा शिकले.

मग रागिणीचं मैदानी चाचणीचं हॉल तिकीट आलं, अकोल्याचं. शालिकराम दुसऱ्याच दिवशी तनवीरभाईंकडे गेले आणि माझ्या खालच्या काठावर लाल रेडियममध्ये ‘पोलीस’ लिहून मागितलं.

तनवीरभाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. "शालिकभाऊ, पोरीचं नाव टाकून देतो. हे नको. पकडलं त मले काई बोलू नका."

"होनारच हाय ना ते," शालिकराम म्हणाले. "आठ दिवस आगोदर लिवलं त काय बिघडते?"

लिहिलं. खरं सांगते, त्यानंतर आम्हाला कुणी थांबवलं नाही. एका चौकात तर शिपायाने सलामासाठी हात वर केला. फाटकापाशी स्कूटी उभी असली की हॉर्न कमी वाजायचे, माणसं आवाज उतरवून बोलायची. शालिकरामांची पाठ त्या दिवसांत सरळ झाली होती. मी मागून रोज बघत होते. म्हणून मला त्यांचा राग धरता आला नाही.

रागिणीने ते लिहिलं त्याच संध्याकाळी पाहिलं. ती बराच वेळ माझ्यासमोर उभी राहिली. मग घरात जाऊन बाबांना म्हणाली की ते काढून टाका. भरतीच्या सरांनी सांगितलं होतं, निवड झाली तरी नेमणुकीआधी चौकशी होते. नावावर गुन्हा असला तर सगळी मेहनत वाया. आणि गाडी तिच्याच नावावर होती. शालिकराम म्हणाले, ग्राउंड होऊ दे, मग काढू. तिच्या आईने, लीलाबाईंनी, भाकरी थापता थापता एवढंच म्हटलं की तुमचं ‘मग’ आम्ही लग्नापासून ऐकतोय.

चाचणीच्या आदल्या दिवशी आम्ही अकोल्याला निघालो. शालिकरामांकडे रेल्वेचा पास होता. तरी त्यांनी स्कूटीच काढली. सकाळी पोरगी मैदानावर याच गाडीवरून उतरली पाहिजे, असं त्यांच्या मनात होतं. रागिणी मागे बसली, ओढणीने तोंड बांधून. दुपारच्या उन्हात मी तापून वाकायला आले होते.

मूर्तिजापूर मागे पडलं आणि रस्त्याच्या कडेला एका हवालदार बाईंनी हात दाखवला. वय चाळिशीपुढचं, चेहरा उन्हाने रापलेला. त्या सरळ मागे आल्या, खाली वाकल्या आणि माझ्याकडे पाहत राहिल्या.

"घरात पोलीस कोन हाय?"

शालिकरामांनी मान वळवली नाही. "पोरगी," ते म्हणाले.

बाई रागिणीकडे वळल्या. "कोनतं ठानं?"

एक ट्रक गेला, दुसरा गेला. रागिणी खाली उतरून माझ्याशेजारी उभी होती. शालिकरामांनी आता तिच्याकडे पाहिलं. फक्त ‘बडनेरा’ म्हणाली असती, तर कदाचित भागलं असतं. ते डोळ्यांनी तेवढंच मागत होते.

रागिणीने तोंडावरची ओढणी सोडली. "कोनतंच नाई, मॅडम. उद्या अकोल्याले ग्राउंड हाय माह्यं."

"मंग हे काय लिवलं?"

"खोटं हाय ते."

ती हे मोठ्याने बोलली नाही. पण बाईंना दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही. शालिकरामांची मान मात्र फाटक पडावं तशी खाली गेली.

बाईंनी कागद पाहिले. "गाडी तुह्या नावावर हाय. गुन्हा लिवला त तुह्यावर लागन."

"बाई, चूक माही हाय," शालिकराम म्हणाले. "माह्यावर लिवा."

"नाव तुमचं नाई ना कागदावर, काका."

बाईंनी कागद परत दिले आणि रागिणीला सांगितलं, काढ, माझ्यासमोर काढ. पाना-पेचकस काही नव्हतं. तिने नखांनी रेडियम खरवडलं. ते उन्हाने चिवट झालं होतं, तिच्या बोटाला रक्त आलं. मग नेलकटरच्या टोकाने एकेक स्क्रू सोडवला. आकड्यांचे पाय मोकळे झाले. नंबर झाकल्याचं चलान बाईंनी केलंच. दुसरं काही लिहिलं नाही. जाताना म्हणाल्या, "उद्या घड्याळासमोर बी अशीच उभी राह्य. ते कोनाचं आयकत नाई."

पुढचा प्रवास मी डिक्कीत केला, तिच्या बुटांशेजारी. दुसऱ्या दिवशी रागिणी धावली. आठशे मीटरमध्ये मागे पडली, गुण कमी आले. तेव्हा शालिकराम एवढंच म्हणाले, "माह्यामुळे तुले झोप नाई लागली." ती म्हणाली, "झोपली होती मी, बाबा. मीच हळू धावली."

तेव्हापासून मी घरात आहे. काही दिवस पलंगाखाली पडून होते. अक्षरं निघाली, पण गोंद राहिला आणि त्याला धूळ चिकटली. तोच शब्द मातकट रंगात पुन्हा उमटला. शालिकरामांनी रॉकेलने पुसून पाहिला, रोज थोडाथोडा. आता तो फिकट झालाय, गेलेला नाही. फाटकावर हॉर्न पुन्हा पहिल्यासारखे वाजतात, असं ते लीलाबाईंना सांगतात.

गेल्या आठवड्यात रागिणीने मला बाहेर काढलं. ती पुन्हा तयारी करतेय. आठशे मीटरला रोज किती वेळ लागला, ते ती एका कागदावर लिहिते. तो कागद तिने माझ्यात बसवला. सर्वांत खालची ओळ माझ्या काठाखाली गेली. त्या ओळीत आदल्या दिवशीची वेळ होती, तीन मिनिटं एकोणीस सेकंद, महिन्यातली सर्वांत वाईट. मी म्हटलं, राहू दे, कुणाला दिसणार नाही. जन्मभर मी तेवढंच करत आले.

तिने कागद बाहेर काढला, वरून दुमडला आणि ती ओळ दिसेल असा पुन्हा बसवला. दारात उभे असलेले शालिकराम ते बघत होते. त्यांनी भिंतीत खिळा ठोकला आणि मला टांगलं.

मी थकलेय. रस्ता नको, ऊन नको, कुणी वाकून बघायला नको. तुमच्या गाडीला माझी एखादी बहीण असेल, तर तिलाही सोडवा. स्क्रू दोनच असतात. आणि आमच्या घरी आलात, तर ती शेवटची ओळ नक्की वाचा. ती झाकलेली नाही.