उरलेली अर्धी

डेपोच्या डॉक्टरांनी तिच्या दंडावरचा पट्टा सोडवला आणि विचारलं, "कॅप्टन, तुम्ही बस चालवता की बस तुम्हाला?"

डेपोत सगळेच तिला कॅप्टन म्हणत. एरवी तिनं जशास तसं उत्तर दिलं असतं, पण त्या दिवशी तिचं लक्ष काट्यावरच्या आकड्यांकडे होतं. रक्तदाब चढलेला, वजन त्याच्याही वरचढ. पोटाला स्टिअरिंग घासू नये म्हणून एकेक खाच करत तिनं सीट पार मागे नेली होती. आता क्लचवर पाय पुरा टेकत नव्हता, नुसता चवडा पोचायचा. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"तीन महिने देतो," डॉक्टर म्हणाले. "नाही जमलं तर गाडी सोडून चौकशीच्या खिडकीत बसावं लागेल. पिता का काही?"

"बिअर."

"किती?"

"आधी अर्धी बाटली. शनिवारची."

"आणि आता?"

तिनं बाही खाली ओढून बटण लावलं. डॉक्टरांनी काय ते ओळखलं. "बंदच करा असं म्हणत नाही. शनिवारची अर्धी ठेवा, बाकीची सोडा. आणि चाला. चाकांवर नव्हे, पायांवर."

अर्धी बाटली हे त्यांच्या घरातलं जुनं माप. नवरा वायरमन होता. शनिवारी संध्याकाळी तो हातपाय धुऊन बसायचा, एकच बाटली उघडायचा आणि दोन पेले शेजारी-शेजारी ठेवून समसमान ओतायचा. तिच्या पेल्यात फेस जास्त आला की म्हणायचा, "तुझ्या नशिबी फेसच!" दोन वर्षांपूर्वी शिडीवर असताना त्याच्या छातीत कळ आली. खाली उतरला, शेवटच्या पायरीवर टेकला, आणि संपलं.

काही महिन्यांनी एका शनिवारी तिनं बाटली उघडली. आपला वाटा पिऊन झाला आणि अर्धी उरली. ओतून द्यायला हात धजेना, म्हणून तीही प्यायली. पुढे शनिवार काय नि मंगळवार काय, सगळे वार सारखेच झाले.

घरात सासरे होते. छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात त्यांचा जन्म गेला होता. आधीच मितभाषी, त्यात मुलगा गेल्यापासून तोंडाला कुलूपच. "जेवलीस?" आणि "दिवा घालव," एवढ्यावर दिवस निघायचा. ती बाटल्या ओट्याखाली साबणाच्या डब्यांमागे लपवायची. त्यांना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे तिलाही माहीत होतं.

धाकटी बहीण फोनवर म्हणाली, "ताई, सोड ना ती बिअर एकदाची."

"सोडते. मग शनिवारचं काय करू, ते सांग."

तिकडे बहिणीचा मुलगा रडायला लागला, बोलणं अर्धंच राहिलं.

ड्यूटी संपली की ती चालत घरी येऊ लागली. पहिल्या दिवशी पुलाचा चढ चढताना नाकी नऊ आले. कठड्याला धरून उभी होती, तेवढ्यात तिच्याच मार्गावरची बस शेजारून गेली. आतल्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून हात केला. तिनंही हात केला, जणू गंमत म्हणूनच थांबली होती.

पायांचं जमत गेलं. संध्याकाळचं जमेना. मंगळवार, बुधवार, गुरुवार ती कोरड्या घशानं भांडी घासायची, घासलेली पुन्हा घासायची. घरात दुसरा आवाज म्हणजे पलीकडच्या खोलीत सासऱ्यांनी उलटलेलं वर्तमानपत्राचं पान.

शनिवारी ती आपली अर्धी सावकाश प्यायली. मग उरलेली घेऊन मोरीशी उभी राहिली. बाटली तिरपी केली आणि थांबली. पाठीमागे चाहूल लागली. दारात सासरे उभे होते. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय ओततेस?"

"उरलेली."

"त्याची?"

तिनं मान डोलावली.

"ओत," ते म्हणाले. "त्याला वाया गेलेलं आवडायचं नाही. पण आता त्याला काय कळणार आहे?"

आणि ते पाठ फिरवून आपल्या खोलीत गेले. तिनं बाटली रिकामी केली, नळ मोठा सोडला आणि त्या आवाजात रडून घेतलं.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा पट्टा बांधला. "अजून थोडं उतरायला हवं," ते म्हणाले, "पण गाडी तुमचीच." तिनं बसमध्ये चढून सीट दोन खाचा पुढे घेतली. क्लच पायाखाली नीट आला. शेजारी ही बातमी सांगायला कुणी नव्हतं. प्रवासी चढत होते, सुट्या पैशांवरून वाद घालत होते.

घरी आल्यावर तिनं सासऱ्यांना सांगितलं.

"म्हणजे गाडी राहिली," ते म्हणाले.

"राहिली, बाबा."

त्या शनिवारी ती बाटली उघडत होती, तेव्हा ते काठी टेकत आले आणि समोर बसले. "जरा चव दाखव."

तिनं घोटभर ओतली. त्यांनी ती तोंडात फिरवली, चेहरा वाकडा केला, कशीबशी गिळली.

"कडू आहे गं!"

"असतेच."

"यात त्याला काय सापडायचं?"

"थंड असायची, बाबा. आणि शनिवार असायचा."

तिचा पेला संपेपर्यंत ते उठले नाहीत. मग तिनं उरलेली ओतली, बाटली धुतली आणि उघडपणे ओट्यावरच ठेवली.

रविवारी सकाळी ती चालायला निघाली. चपला घालत होती, तेव्हा आतून आवाज आला, "किती वेळात येशील?"

दोन वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

"येते लवकर," ती म्हणाली, आणि दार हलकेच ओढून घेतलं.