रागिणीला कराटेला घालताना

मला राग लवकर येतो, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या संध्याकाळी आलेला राग काही वेगळाच होता. माझ्या सहा वर्षांच्या रागिणीला आंघोळ घालताना तिच्या दंडावर चिमट्यांचे डाग दिसले. काही काळेनिळे, काही हिरवे पडत चाललेले. म्हणजे हे एका दिवसाचं काम नव्हतं. शाळेच्या ऑटोत तिसरीतला एक पोरगा तिच्या शेजारी बसायचा आणि शाळा येईपर्यंत चिमटे घ्यायचा.

"मंग तू काय म्हटलं त्याले?" मी विचारलं.

"काहीच नाही."

"काहून?"

"मी चूप बसली."

सकाळी ऑटोवाल्याला मी असं झापलं की त्यानं त्या पोराला उचलून पुढं आपल्याजवळ बसवलं. पण ऑटोवाले तरी किती झापणार? उद्या कोणी हिचा हात धरला तर ही अशीच चूप बसणार का? पोरीच्या तोंडून "नको" निघालं पाहिजे, मला एवढंच हवं होतं. म्हणून ठरवलं, कराटेला घालायचं.

क्लास कसा निवडला ते सांगायची लाज वाटते. राजापेठेत आमचं फुलांचं दुकान आहे. मनोज सरांच्या क्लासचा बेल्ट वाटपाचा कार्यक्रम असला की हार आमच्याकडूनच जातात. झेंडूचे साठ, वर पाहुण्यांसाठी गुलाबाचे पाच. एवढे हार ज्याच्याकडे लागतात तो सर मोठाच असणार, असं आम्ही धरून चाललो. वांगी घेताना मी एकेक उलटून पाहते, आतून किडकी तर नाहीत ना म्हणून. पोरीचा क्लास मात्र हार मोजून घेतला.

पहिल्या दिवशी माझे सासरे, महादेवराव, चांदूर रेल्वेहून मुद्दाम आले. नारळ दिल्याशिवाय कुठलीही विद्या सुरू करायची नाही, असा त्यांचा नेम. त्यांनी सरांच्या हातात नारळ दिला, रागिणीला पाया पडायला लावलं आणि त्यांच्या वेळी मास्तरच्या हवाली लेकरू करताना म्हणत ते म्हटलं, "हाडकं आमची, चामडं तुमचं. आजपासून पोरगी तुमची, सर." सगळे हसले. मीही हसले.

क्लास गच्चीवर आणि पालकांनी खाली थांबायचं, असा सरांचा नियम होता. आईबाप दिसले की लेकरं नाटकं करतात म्हणे. दोन दिवस मी चपलांच्या ढिगाजवळ उभी राहून वरचं 'येस सर' ऐकलं. तिसऱ्या दिवशी रागिणीची पाण्याची बाटली खाली राहिली, म्हणून जिना चढून वर गेले.

रागिणी पाय लांब करून बसली होती. तिच्या पाठीत सरांचा गुडघा होता आणि ते तिचं डोकं खाली दाबत होते. बाकीची लेकरं एका सुरात आकडे म्हणत होती. तिचं तोंड लालबुंद झालं होतं, डोळ्यांतलं पाणी चटईवर टपकत होतं, आणि तरी ती हूं की चूं करत नव्हती.

"सर, उठा आधी!" मी ओरडले.

"मॅडम, तुमी खाली थांबा. अंग मोकळं होऊन राहिलं तिचं."

"लेकरू रडून राहिलं, दिसत नाही तुमाले?"

"रडते तं रडू द्या. सरले नाही म्हणाचं नाही, हा आपल्या क्लासचा पहिला नियम हाय. आन तुमच्या सासऱ्यायनंच तं सांगतलं, चामडं तुमचं म्हणून."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. नाही म्हणता यावं म्हणून जिला घातलं, तिला तिथं पहिला धडा काय, तर नाही म्हणायचं नाही! चिमटे घेणाऱ्या पोरानं निदान त्याला शिस्त तरी म्हटलं नव्हतं. मी रागिणीला उचलून खाली आणलं, तर खाली उभ्या असलेल्या बाया मलाच समजावू लागल्या.

"थोडंफार तं दुखतेच वो ताई," त्यातली एक म्हणाली. "माह्या पियुषची दोन डाव पाठ लचकली. पण आता पिवळा बेल्ट हाय त्याच्यापाशी."

"मंग तोच बेल्ट बांधा त्याच्या पाठीले," मी म्हटलं आणि निघाले.

घरी सगळा राग सासऱ्यांवर, अजून आमच्याकडेच मुक्कामी असलेल्या बाबांवर निघाला. "माझ्या पोरीचं चामडं देणारे तुम्ही कोण?" सासऱ्यांशी असं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

"बोलाची रीत असते ते, सूनबाई," ते म्हणाले. "माह्या बापानंही मास्तरले असंच म्हटलं व्हतं."

"मंग काय झालं?"

बाबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "लय हाणलं मास्तरनं. घरी सांगाची सोय नव्हती. बापानंच देऊन टाकलं व्हतं ना मले."

दुसऱ्या दिवशी तेच कोणाकोणाला विचारून बडनेऱ्याच्या सत्यवतीबाईंचा पत्ता घेऊन आले. बाई पोलिसातून रिटायर झालेल्या. एका शाळेच्या व्हरांड्यात पंधरा लेकरांना ज्युदो शिकवतात. रागिणीला घेऊन आम्ही दोघं गेलो, तर पालक समोरच पायऱ्यांवर बसलेले, कोणाला काही लपवायचं नाही. बाबांनी सवयीनं नारळ पुढं केला. बाई म्हणाल्या, "घरी न्या आन चटणी करा." मला बाई तिथंच आवडल्या.

त्या रागिणीसमोर फतकल मारून बसल्या. "मी तुहा हात धरते. तुले नको वाटलं का 'सोड' म्हणजो. म्हटलं का मी सोडून देते. समजलं?"

रागिणीनं मान हलवली. बाईंनी मनगट धरलं. रागिणी चूप. बाईंनी जरा घट्ट धरलं. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. मग तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"मम्मी, म्हणू का?"

मोठ्यांना उलटून बोलायचं नाही, काकांनी पापी मागितली की द्यायची, पाहुणे बसले असताना चूप राहायचं. हे मनोज सरांनी नव्हतं शिकवलं, त्यांना तर तीनच दिवस मिळाले होते. सहा वर्षं हा क्लास मी घेतला होता, रोज, घरी. आठवडाभर मी ऑटोवाल्यावर, सरांवर, त्या बायांवर, म्हाताऱ्या माणसावर राग काढत होते, आणि पोरीला तोंड उघडायला परवानगी लागत होती ती माझी.

बाईंनी हात सोडला नाही. त्याही माझ्याकडंच पाहत होत्या.

"मले नको विचारू, बेटा," मी कसंबसं म्हटलं. "कोणालेच नको विचारू."

रागिणीनं बाईंकडं पाहिलं नाही. माझ्याकडंच पाहत, आधी हळू आणि मग पायऱ्यांवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "सोड."