आसाहेल पेल्टन, एक मत

मित्रांनो, मी एक जुनी मेपलच्या लाकडाची खुर्ची आहे. माझ्या हातांखालच्या या लोखंडी कड्या जन्मापासूनच्या नाहीत. त्या कशा आल्या, ते सांगते.

घरात पहिलं मूल येणार होतं, तेव्हा अबायजा पेल्टन यांनी मला घडवलं. त्यांची बायको मेहिटेबल माझ्यात बसून आसाहेलला पाजायची. पुढे तो इंग्रजांशी झालेल्या लढाईत गेला. परत आला तो नुसता त्याचा कोट. मेहिटेबलनं तो माझ्या पाठीवर टाकला आणि वर्षानुवर्षं तिथून हलवला नाही.

अबायजा राज्याच्या विधिमंडळात निवडून गेले. त्या काळी देशाच्या वरिष्ठ सभागृहात राज्यातर्फे जाणारा सिनेटर जनता निवडत नसे. दोन्ही सभागृहांचे सभासद एकत्र बसत आणि एकेकानं आपला माणूस मोठ्यानं सांगायचा. त्या हिवाळ्यात दोन उमेदवारांना मतं समसमान पडली. नेमके अबायजा तेवढे तापानं अंथरुणाला खिळलेले.

पक्षाचे पुढारी सायलस ग्रिडली घरी आले.

"वहिनी, एका मतावर अडलंय. अलगद नेतो, अलगद आणतो."

"काल त्यांनी मलाही ओळखलं नाही, ग्रिडलीसाहेब."

"ओळखायचंय कुणाला? नुसतं एक नाव घ्यायचंय."

"जातो मी," अबायजाच पुटपुटले.

 मेहिटेबलनं माझ्या पाठीवरचा कोट काढून त्यांच्या अंगाभोवती लपेटला. ग्रिडलींनी मला कड्या ठोकून घेतल्या, त्यांत दांडे घातले, आणि चौघांनी आम्हाला बर्फातून नेलं. अबायजांचं अंग इतकं तापलं होतं की माझं लाकूड कडकडू लागलं.

सभागृहात कारकुनानं पुकारलं, "अबायजा पेल्टन."

ग्रिडली कानाशी वाकले. अबायजांनी त्यांना हातानं बाजूला सारलं.

"आसाहेल पेल्टन."

मागून कुणी तरी हसलं. "हा कोण आणि?"

"माझा मुलगा," अबायजा शांतपणे म्हणाले. "सिनेटरला तीस वर्षं पुरी लागतात ना? यंदा झाली असती त्याला."

कुणी हसलं नाही मग. कारकुनानं नाव लिहून घेतलं. शेवटी मतं वाचली गेली. दोघा उमेदवारांची सारखीच. मग खालच्या आवाजात, "आसाहेल पेल्टन, एक." सिनेटरची जागा त्या वर्षी रिकामीच राहिली.

परतीच्या वाटेवर अबायजा माझ्यातच गेले. दारात मेहिटेबलनं ग्रिडलींना एवढंच विचारलं, "कुणाचं नाव घेतलं त्यांनी?"

ग्रिडलींना ते सांगताना टोपी काढावी लागली.

"सगळ्यांसमोर घेतलं?"

"सगळ्यांसमोर, वहिनी."

"दहा वर्षं या घरात ते नाव त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मेहिटेबल गेल्यावर मला माळ्यावर टाकलं. माझ्यात कुणी बसत नाही. धूळ आहे, वाळवी आहे. थंडीत लाकूड आखडतं, आणि मुलाचं नाव घेणारा अबायजांचा तो आवाज अजून माझ्या सांध्यांतून फिरतो.

मित्रांनो, माझी डागडुजी नाही केली तरी चालेल. पण कुणाला त्याच्या एका शब्दासाठी उचलून न्याल, तेव्हा आधी त्याच्या उशाशी थोडं बसा. त्याच्या ओठांवर कोणतं नाव आहे, ते विचारा.